उलटण्याचे कारण

पाण्यात पडायला पैसे लागत नाहीत, असा माझा पन्नाशी उलटेपर्यंत समज होता. गेटवेच्या अंगाला असलेल्या एका क्लबाने तो दूर केला. तिथे शिडाची होडी चालवायला शिकवतात. फीच्या पावतीमागे अभ्यासक्रम छापला होता आणि त्यात गाठी मारणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, सुकाणू धरणे या सगळ्यांच्या आधी, एक नंबरला, लिहिलं होतं : 'होडी उलटवणे व सरळ करणे'.

"हे ऑप्शनला टाकता येईल का हो?" मी खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचं टाकलंत तरी चालेल. तसंही पहिल्या महिन्यात लोक एवढंच करतात."

या प्रकरणाच्या मुळाशी माझे थोरले साडू आहेत. साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. आपण एका घरातली एक मुलगी पसंत करतो, तिच्या थोरल्या बहिणीने आधीच एक गृहस्थ पसंत केलेले असतात, आणि मग पुढची तीस वर्षं प्रत्येक पंगतीत ते गृहस्थ आपल्या शेजारच्या पाटावर असतात. आमचे साडू सरकारी खात्यात अभियंता होते. आता निवृत्त झाले, तरी जगातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या सहीशिवाय उभ्या आहेत ही खंत त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेली नाही. मी बँकेत. त्यांनी फ्रिज घेतला त्या वर्षी आमच्याकडे फ्रिज आला. माझा एक गुडघा दुखायला लागला, तर महिन्याभरात त्यांनी दोन्ही दुखवून घेतले.

दादरला एका बारशात त्यांनी जाहीर केलं, की शिडाची होडी म्हणजे निव्वळ बलांचा समतोल. "वारा इकडून ढकलतो, पाणी तिकडून अडवतं, माणूस मध्ये बसतो. झालं."

"इतकं सोपं असेल तर बसा की एकदा," मी म्हणालो.

"बसतो. येता?"

तोंडात घुगऱ्या होत्या, त्यामुळे मला 'नाही' म्हणता आलं नाही. नुसती मान हलली, आणि ती नेमकी होकाराच्या दिशेने हलली. सासूबाई पाळण्यापाशी होत्या. त्यांनी "दोघांनाही पोहता येतं ना?" एवढंच विचारलं, आणि 'हो' म्हटल्यावर का कोण जाणे, जराशा हिरमुसल्या.

पोहण्याचं म्हणाल तर आमची पिढी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेली. पोहण्याची काळजी नव्हती. पोहताना शेजारी साडू असणार, ही होती.

पहिल्या दिवशी मी गणपती विसर्जनाची अर्धी चड्डी घालून गेलो. साडू आले ते बोटं उघडी असलेले हातमोजे, रबरी तळव्याचे बूट, चष्म्याला दोरी, नाकावर पांढरा लेप आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी अशा थाटात. टोपी त्यांच्या मुलाने सिडनीहून पाठवली होती. तिची किंमत त्यांनी आधी डॉलरमध्ये सांगितली, आणि माझ्या चेहऱ्यावर पुरेसा परिणाम दिसला नाही म्हणून रुपयांत सांगितली.

शिकवणारा मुलगा कुलाब्याच्या कोळीवाड्यातला, एकोणीस वर्षांचा. त्याने आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नजर मध्यावर जरा रेंगाळली. मग म्हणाला, "काका, होडी उलटली तर तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. घाबरायचं नाय, अंगात लाइफ जॅकेट आहे, माणूस बुडत नाय. होडी सोडायची नाय, तिच्यात हवेच्या टाक्या आहेत, ती पण बुडत नाय. आणि हे पाणी गिळायचं नाय."

तिसरी अट साडूंना अवघड होती. तिच्यासाठी तोंड बंद ठेवावं लागतं.

आम्हाला मिळालेली होडी एंटरप्राइज जातीची, दोन माणसांची, निळ्या शिडांची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने ती आखली आणि १९५६ साली, ऐन जानेवारीच्या थंडीत, रात्रीच्या वेळी, अशा दोन होड्यांनी इंग्लिश खाडी पार केली. कशाला, तर जाहिरात म्हणून. ही माहिती मला साडूंनी दिली. त्या वेळी आम्ही धक्क्यापासून तीस फुटांवर, दुसऱ्याच कुणाच्या तरी नांगराच्या दोराला अडकलेलो होतो.

शेजारून आठ-नऊ वर्षांची पोरं ऑप्टिमिस्टमध्ये बसून सरसर जात होती. ऑप्टिमिस्ट म्हणजे बोथट नाकाची, जेमतेम पावणेआठ फुटांची होडी. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने १९४७ मध्ये खास पोरांसाठी, प्लायवूडच्या फळ्यांतून स्वस्तात बनेल अशी ती काढली. तिच्या शर्यतीत वयाची पंधरा वर्षं उलटलेल्यांना घेत नाहीत. मी चौकशी केली होती.

तर उलटण्याचा तास. माघातल्या मुंबईत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो. तो नऊ-दहापर्यंत दमतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटेपर्यंत बंदर आळसावलेलं असतं. हा सराव याच वेळेत घेतात. मुलगा रबरी रेस्क्यू बोटीत बसून म्हणाला, "हां, पाडा होडी."

आम्ही दोघं एका काठावर बसलो. होडी थोडी कलली आणि तशीच राहिली.

"अजून बाहेर झुका, काका."

झुकलो. होडी ढिम्म.

"डिझाइन उत्तम आहे," साडू म्हणाले.

डिझाइनचा यात काही संबंध नव्हता. मी तोंडाने 'हुं, हुं' करत बाहेर झुकल्याचं दाखवत होतो आणि पाय आत घट्ट रोवून बसलो होतो. साडू तर 'तोल कुठे जातो ते बघतो' असं सांगून हळूच मधल्या फळीवर सरकले होते. आयुष्यभर सगळं सरळ राहावं म्हणून धडपडलेली माणसं. मुद्दाम पाडायला सांगितल्यावर हात धजत नाहीत. शेवटी तो मुलगा कंटाळून जवळ आला, त्याने डोलकाठीला बांधलेली तार धरली आणि एका हाताने होडी आडवी केली. म्हणजे फी आम्ही भरली आणि पाडण्याचं काम त्याने केलं.

आता सरळ करणे. होडी कुशीवर आडवी झाली, की शीड पाण्यावर पसरतं आणि एरवी तळातून पाण्याखाली उभी असणारी फळी, जिला तिथे सगळे 'बोर्ड' म्हणतात, ती पाण्याबाहेर आडवी येते. एकाने वळसा घालून तळाच्या बाजूला जायचं, त्या बोर्डवर चढायचं, काठ किंवा दोर धरून मागे रेलायचं. वजनाने होडी उठते. दुसऱ्याने पलीकडे, होडीच्या पोटात, पाण्यात नुसतं तरंगत पडून राहायचं. होडी उठताना त्याला आपसूक आत उचलून घेते. दोन्ही कामं सारख्याच मोलाची आहेत, असं सांगतात. सांगणारे सगळे आत पडून राहणारे असावेत.

"दोघांत जड कोण?" मुलाने विचारलं.

पाण्यात शांतता पसरली. हा प्रश्न आमच्या घराण्यात गेली दहा वर्षं कुणी उघडपणे विचारला नव्हता. दोघी बहिणी फोनवर काय बोलत असतील ते असो. पण समोरासमोर, काट्यावर उभं राहून, हा निकाल लागलेला नाही.

"एकाहत्तर," मी म्हणालो.

"सत्तर," साडू म्हणाले. "सकाळी. अनशेपोटी."

"काका, होडीला तरी खरं सांगा," तो मुलगा म्हणाला. "जो जड, तो बोर्डवर लागतो. जड माणूस म्हंजे इथे सोनं. हलकी पोरं असली की मला नेहमी पाण्यात उतरायला लागतं."

डॉक्टरांनी, बायकोने, शिंप्याने आणि एकदा लिफ्टमधल्या अनोळखी बाईंनी ज्याबद्दल मला टोकलं होतं, त्याला सोनं म्हणणारा हा पहिला माणूस.

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

"ऐंशी," साडू म्हणाले.

"मी म्हटलं ते मागच्या दिवाळीचं. आता त्र्याऐंशी."

"मीही गेल्या आठवड्यात एका लग्नाला..."

"काल रात्री पुरणपोळ्या होत्या," मी म्हणालो. "पंच्याऐंशी."

साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या शेवाळलेल्या बोर्डकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने माघार घेतली. "नाही बुवा. तुम्हीच." सरकारी खात्यात चौतीस वर्षं निविदा उघडलेला माणूस. कधी थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं.

बोर्डवर चढणं हा प्रकार मी व्हिडिओत पाहिला होता. त्यात एक सडपातळ मुलगा डाव्या हाताने फळी धरतो आणि पुढच्या क्षणी त्यावर उभा असतो. मधलं काही दाखवत नाहीत. मधलं असं, की आधी छाती फळीवर येते. मग लाइफ जॅकेट फळीला अडतं. मग जॅकेट सोडवून पुन्हा चढलं, की पोट अडतं, आणि ते सोडवून ठेवता येत नाही. मग गुडघा, तो नेमका दुखरा. या दरम्यान होडीच्या पलीकडून साडूंच्या सूचना चालूच होत्या : "आधाराचं अंतर वाढवा! टोकाकडे सरका!" आणि इकडून तो मुलगा ओरडत होता, "टोकाला नका जाऊ काका, मोडंल! मुळाशी ऱ्हावा, मुळाशी!" माझ्या वजनाचं सोनं एवढ्यात बोर्डाच्या जिवावर उठलं होतं.

उभा राहिलो. मागे रेललो. काहीच झालं नाही. शिडावर पाणी बसलेलं असतं, ते निथळायला वेळ लागतो, तोवर नुसतं लटकायचं असतं. मग डोलकाठी वीतभर उचलली गेली, मग हातभर, आणि मग एकदम, माझी परवानगी न घेता, होडी उभी राहिली आणि मी पाठमोरा पाण्यात गेलो.

वर आलो तेव्हा साडू आत होते. नुसते आत नव्हते, बसले होते. टोपी कोरडी होती.

"या ना," ते म्हणाले.

पाण्यातून होडीत चढणं हा बोर्डवर चढण्याचाच पुढचा भाग, फक्त यात मदतनीस असतो. साडूंनी माझ्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरले, एक-दोन-तीन म्हटलं आणि तीनच्या आधीच ओढलं. मी काठावरून पोटावर घसरत आत गेलो तो थेट त्यांच्या रबरी बुटांवर डोकं टेकून थांबलो. लग्नाच्या दिवसापासून मी जे शिताफीने टाळत आलो होतो, ते मुंबई बंदरात भर उन्हात पार पडलं.

"असू दे, असू दे," साडू म्हणाले. "सुखी राहा."

हा झाला सराव. यात आपण उलटणार हे आपल्याला आधी माहीत असतं. खरं उलटणं दुपारी झालं.

गेटवेसमोर वायव्येचा वारा समुद्रावरून सरळ येत नाही. कुलाब्याच्या इमारतींवरून, ताजच्या घुमटाला वळसा घालून, तुकड्यातुकड्यांनी येतो. काठाजवळ काहीच नसतं. दोनशे फूट पुढे गेलं, की मागच्या दहा मिनिटांचा राहिलेला सगळा एकदम वसूल करतो. सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर माझ्या हातात होता. पुढच्या लहान शिडाचा दोर साडूंकडे. तो त्यांनी खाचेत पक्का अडकवून टाकला होता, कारण एकदा नीट केलेलं काम पुन्हा पुन्हा करणं त्यांना मान्य नाही.

झोत आला. होडी कलली. आता यावर उपाय इतका सोपा आहे, की तो ऐकताना हसू येतं : दोर सोडायचा. दोर सोडला, की शीड फडफडतं, वारा निसटून जातो, होडी आपोआप सरळ होते. पण हातातलं सोडायचं, आणि तेही बुडत असताना! मी दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला. होडी आणखी कलली. मी आणखी घट्ट धरला. मागून रेस्क्यू बोटीतून आवाज आला, "सोडा! काका, सोडा!"

"तुम्हाला सांगतोय," मी म्हणालो.

"मला? मी काही धरलेलंच नाही. माझा तर अडकवलेला आहे."

"मग तो सोडा!"

"आधी तुम्ही!"

"तुम्ही थोरले!"

या शेवटच्या वाक्याच्या वेळी आम्ही दोघंही पाण्यात होतो.

दोर? तो होता ना, हातातच.

सकाळी होडी आडवी झाली होती. आता ती तेवढ्यावर थांबली नाही. आम्ही दोघंही एकाच बाजूने लोंबकळत राहिल्यामुळे शीड खाली खाली गेलं आणि तळ पूर्ण वर आला. होडी डबक्यात बसलेल्या म्हशीच्या समाधानाने पाठ वर काढून पडली. ओहोटी होती. इथे ओहोटीला पाणी उथळ होतं आणि तळाला जेवढा हवा तेवढा चिखल आहे. आमची वीसएक फुटांची डोलकाठी त्यात जाऊन रुतली. शिवाय होडी पूर्ण उलटी झाली, की बोर्ड घसरून आपल्या खाचेत आत जातो; म्हणजे ज्यावर चढायचं तेच गायब. ते बाहेर काढायला एकाने होडीखाली बुडी मारून आतून ढकलावं लागतं.

"तुम्ही बुडी मारा," साडू म्हणाले. "मी वरून धरतो."

"काय धरता?"

"लक्ष धरतो."

याच वेळी एलिफंटाहून परतणारी लाँच आली. या लाँचवर वरच्या मजल्यावर बसायचे जादा पैसे घेतात. ते मोजून वर बसलेल्या लोकांना लेणी पाहून झाल्यावर परतीच्या वाटेत विशेष काही पाहायला उरत नाही. आम्ही ती उणीव भरून काढली. सगळी लाँच एका बाजूला गोळा झाली. तीही जराशी कलली. मोबाइल वर झाले. आणि महाराष्ट्रात कुठेही दोन माणसं कष्ट करताना दिसली, की जे होतं ते सुरू झालं.

"अहो, उलट्या बाजूने ओढा!"

"दोघांनी एका बाजूला नका राहू!"

"इंजिन बंद पडलं का?"

एक बाई आपल्या मुलाला सांगत होत्या, "बघ, सांगितलेलं ऐकलं नाही की असं होतं."

"आई, ते काका भांडतायत का?"

"नाही रे, व्यायाम करतायत."

कुणीतरी कनवाळूपणे आमच्या दिशेने मूठभर गाठिया फेकले. ते सीगल पक्ष्यांसाठी होते की आमच्यासाठी, हे कळलं नाही. पक्ष्यांचाही तसाच गोंधळ झाला आणि ते आमच्या डोक्यावर येऊन घिरट्या घालू लागले. लाँचवाल्याने लोकांना नीट फोटो घेता यावेत म्हणून वेग कमी केला, आणि समाधान झाल्यावर तो वाढवला. त्या लाटेने एक चांगलं काम केलं. डोलकाठी चिखलातून सुटली. आणि एक वाईट केलं : साडूंची टोपी गेली.

"होडी सोडायची नाय!" तो मुलगा ओरडला.

"एकशे दहा डॉलर!" साडू ओरडले आणि निघाले.

होडी सोडू नये, हा समुद्रावरचा पहिला नियम. माणसाचं डोकं लाटांत दिसत नाही, होडी दिसते. शोधणारे होडीकडेच येतात. साडूंना हे पाठ होतं. मला सकाळी त्यांनीच समजावलं होतं. पण आता ते करंजाच्या दिशेने, अत्यंत सुबक फ्रीस्टाइलमध्ये, टोपीमागे चालले होते. बारा फुटांवर पोहोचले, की टोपी पंधरावर जायची. शेवटी ऑप्टिमिस्टमधली एक पोरगी वाकडी वाट करून गेली, वल्ह्याच्या टोकाने तिने टोपी उचलली, पाणी झटकलं आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. "आजोबा, परत जा," ती म्हणाली. हातमोज्यांपासून लेपापर्यंतचा सगळा खर्च त्या एका 'आजोबा'त बुडाला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात उत्कर्ष नाही. बोर्ड बाहेर आला, मी वर चढलो, होडी उठू लागली. पण उठवण्याआधी तिचं नाक वाऱ्याकडे करायचं असतं. ते केलं नाही, तर शीड पाण्याबाहेर येताक्षणी वारा त्याच्याखाली घुसतो आणि होडी उठून न थांबता पुढे, थेट उठवणाऱ्याच्या अंगावर पालथी होते. तशी झाली. मी शिडाखाली. तिथे सगळं निळं आणि फार शांत होतं, आणि साडूंचा आवाज येत नव्हता. हाताने शीड वर ढकललं, की खाली श्वासापुरती जागा होते, हे शिकवलेलं आठवलं आणि मी गरजेपेक्षा दोन श्वास जास्तच घेतले.

पुढच्या वेळी नाक वाऱ्याकडे होतं. होडी उठली, उभी राहिली, साडू नेहमीप्रमाणे आत. पण आता ती काठोकाठ भरलेली. भरलेल्या होडीतलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावतं आणि जाताना होडीलाही घेऊन जातं. "हलू नका," मी पाण्यातून म्हणालो. "मी हललेलोच नाही," हे दाखवायला साडू उठून उभे राहिले. होडी सावकाश दुसऱ्या कुशीवर गेली. पाणी उपसायची बादली बांधून ठेवायची असते. ती आम्ही बांधली नव्हती, कारण गाठी मारणे अभ्यासक्रमात दोन नंबरला होतं.

आडव्या होडीला दोन्ही बाजूंनी लटकून आम्ही जरा दम खाल्ला. साडूंनी तोंडातलं बंदर थुंकून टाकलं आणि म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे? १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये शिडाच्या शर्यती दिल्लीत नव्हत्या, इथे होत्या. याच पाण्यात. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया. सुवर्णपदक."

"ते होडीच्या आत बसले होते," मी म्हणालो.

"उलटण्याचं काही नसतं हो. २००८ च्या ऑलिंपिकला चिंगदाओला एवढं वारं होतं, की शेवटच्या शर्यतीत जगातले निवडक खलाशी पाण्यात पडत होते. डेन्मार्कच्या जोडीची डोलकाठी तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच मोडली. त्यांनी क्रोएशियाची होडी उसनी घेतली, उशिरा निघाले, सातवे आले, आणि तरी सुवर्णपदक त्यांनाच. एकूण गुणांवर." ते क्षणभर थांबले. "म्हणजे निम्मं आपल्यालाही जमलेलंच आहे."

हे सगळं खरं आहे. साडू खोटी माहिती कधी देत नाहीत, हा त्यांच्याशी भांडताना फार मोठा अडथळा असतो.

अखेर तो मुलगा कपड्यांसकट पाण्यात उतरला. त्याचं वजन फार तर पंचावन्न. त्याने लहान शिडाचा दोर होडीवरून पलीकडे टाकला, तो धरून बोर्डवर दोन पावलांत चढला, मागे रेलला आणि होडी उभी केली. वर जाताना स्वतःही काठावरून पाय टाकून आत गेला. जड माणूस म्हणजे सोनं, हे तो आम्हाला का म्हणाला असेल, यावर मी त्यानंतर बराच विचार केला आहे. कदाचित प्रत्येक जोडीला तो असंच काहीतरी सांगत असेल. हडकुळ्यांना सांगत असेल, की हलका माणूस म्हणजे चांदी.

क्लबात परतल्यावर एक वही पुढे आली. होडी उलटली की नोंद करावी लागते. तारीख, होडीचा क्रमांक, चालकाचे नाव, सहकाऱ्याचे नाव आणि शेवटचा रकाना : 'उलटण्याचे कारण'.

साडूंनी पेन घेतलं. "वारा लिहू?"

"वारा सगळ्यांनाच होता," तो मुलगा केस पुसत म्हणाला.

"मग चालकाने दोर वेळेत न सोडल्यामुळे?"

"सहकाऱ्याने दोर कायमचा अडकवून ठेवल्यामुळे," मी म्हणालो.

"हा तांत्रिक भाग झाला."

आम्ही मागची पानं चाळली. वहीत कुणीही स्वतःहून उलटलेलं नव्हतं. वारा. फेरीबोटीची लाट. वारा. अचानक वारा. जहाजाचा भोंगा. एका होडीची एकाच दिवशी दोन हस्ताक्षरांत नोंद होती. वर लिहिलं होतं 'बायको', ते खोडून खाली 'नवरा'. एका डॉक्टरांनी कारण लिहिलं होतं, पण ते वाचता येत नव्हतं. एका वकिलांनी 'होडी उलटली हे अमान्य' असं लिहून ठेवलं होतं. एवढी शिकलेली माणसं, आणि एकजात सगळ्यांना कुणीतरी दुसऱ्यानेच पाण्यात टाकलेलं.

सर्वांत शेवटची नोंद त्याच दुपारची होती. मोठ्या वाटोळ्या अक्षरांत, ऑप्टिमिस्ट क्रमांकापुढे, त्या टोपीवाल्या पोरीची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'मुद्दाम. मजा येते.'

साडूंनी ते वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग आमच्या होडीचा क्रमांक घातला, दोघांची नावं घातली, शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'वरीलप्रमाणे', आणि खाली तारखेसह लफ्फेदार सही ठोकली.

"प्रतिस्वाक्षरी," असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.